चरबीचा पत्ता

'लॅन्सेट' हे वैद्यकातलं भारदस्त नियतकालिक. त्यात तक्ते आणि आलेख असायचे. पण २००४ सालच्या एका अंकात दोन प्रोफेसरांचा एकमेकांशेजारी काढलेला फोटो छापून आला. एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक. दोघेही मधुमेहाचे अभ्यासक आणि दोघेही सडपातळ. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, दशांशापर्यंत सारखा होता : २२.३. मग दोघांच्या अंगातली चरबी मोजली. युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बीएमआयच्या हिशेबाला जे दोन देह सारखे वाटले, त्यांतल्या एकात चरबीचं प्रमाण दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त होतं. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या कोड्याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हटलं गेलं.

आपल्याकडे असे काडीपहिलवान घरोघरी सापडतात. हातपाय बारीक, मनगटाला घड्याळ सैल होतं, आणि सदऱ्याच्या खाली मात्र छोटीशी ढेरी. चाळिशीत रक्त तपासलं की शुगर निघते आणि नातेवाईक चक्रावतात. 'अंगावर मांस नाही, ह्याला कसा मधुमेह?' प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला निघालं की वाटेत एक चमत्कारिक गोष्ट भेटते : माणूस आजारी पडतो तो चरबी किती यापेक्षा ती कुठे आहे यावरून. आणि 'कुठे' हे ठरवण्यात जनुकांचा हात फार मोठा आहे.

आधी चरबीबद्दलचा एक पूर्वग्रह बाजूला ठेवू. चरबी म्हणजे खाल्लेल्या पापांची जमा रक्कम, ती नसेल तर बरंच, असं आपण धरून चालतो. १९९८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत चार्ल्स विन्सन आणि मार्क राइटमन यांच्या गटाने जनुकात फेरफार करून जवळजवळ चरबीच नसलेले उंदीर तयार केले. पांढरी चरबी साठवणाऱ्या पेशी त्यांच्या अंगात तयारच होत नव्हत्या. हे उंदीर निरोगी, चपळ निघायला हवे होते. प्रत्यक्षात त्यांना कडक मधुमेह झाला. भूक अनावर, रक्तात स्निग्ध पदार्थांचा पूर, आणि यकृत चरबीने भरून फुगलेलं. चरबीला राहायला जागा नव्हती, म्हणून ती यकृतात घुसली होती.

पुढचा प्रयोग मला अधिक आवडतो, कारण तो इतका सरळ आहे की कोणीतरी गमतीत सुचवला असावा असं वाटतं. २००० साली त्याच संशोधकांनी निरोगी उंदरांच्या चरबीचे तुकडे या उंदरांच्या कातडीखाली बसवले. रक्तातली साखर उतरली, यकृत हलकं झालं, इन्सुलिनला स्नायू पुन्हा दाद देऊ लागले. जितकी जास्त चरबी बसवली तितका गुण जास्त. मधुमेहावर उपाय म्हणून चरबी चढवायची, हे वाक्य कुठल्याही डॉक्टरला रुग्णासमोर उच्चारायचं धाडस होणार नाही, पण त्या पिंजऱ्यांत ते खरं ठरलं.

माणसांतही असे दुर्मीळ रोगी असतात. ग्लासगोचे डॉक्टर मॅथ्यू डनिगन यांनी १९७०च्या दशकात अशा कुटुंबांचं वर्णन केलं. या घराण्यांतल्या मुली लहानपणी इतरांसारख्याच दिसतात. वयात येताना मात्र त्यांच्या हातापायांवरची आणि नितंबांवरची चरबी वितळत जाते, स्नायू आणि शिरा वर उठून दिसतात. बघणाऱ्याला वाटावं, ही व्यायामशाळेत घाम गाळते. आतून मधुमेह, रक्तात भरमसाट ट्रायग्लिसराइड आणि यकृतावर चरबी. २००० साली याचं मूळ एका जनुकात सापडलं. त्याचं नाव एलएमएनए. पेशीच्या केंद्रकाला आतून जे अस्तर असतं, त्यातलं एक प्रथिन हे जनुक बनवतं. त्यातलं एखादंच अक्षर बदललेलं असतं. तीन अब्जांहून अधिक अक्षरांच्या मजकुरात एक अक्षर वेगळं, आणि मांड्यांवरची चरबी नाहीशी होऊन यकृतात जाते.

सुगीनंतर कणगी भरते तशी कातडीखालची चरबी असते, खास साठवणीसाठीच. कणगी मोठी असेल तर धान्य कितीही येवो, ते कोरडं आणि जागच्या जागी राहतं. कणगी लहान असेल तर पोती ओसरीवर, माजघरात, देवघराच्या दारात येऊन पडतात आणि चालायला वाट राहत नाही. शरीरातली ओसरी नि माजघर म्हणजे यकृत, स्वादुपिंड, स्नायू. यकृतात चरबी साचली की ते इन्सुलिनचा हुकूम ऐकेनासं होतं आणि गरज नसताना रक्तात साखर सोडत राहतं. स्वादुपिंडात साचली की इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी दमतात. म्हणजे प्रश्न धान्य किती आलं एवढाच नाही, कणगी केवढी हाही आहे.

मग उलट करून बघितलं तर? फार मोठी कणगी दिली तर? तेही झालं आहे. फिलिप शेरर यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन नसलेले उंदीर घेतले. लेप्टिन हे 'पोट भरलं' असं मेंदूला कळवणारं संप्रेरक. ते नसलं की उंदीर खातच सुटतो, गोल होतो आणि मधुमेही होतो. शेरर यांच्या गटाने या उंदरांच्या अंगात अ‍ॅडिपोनेक्टिन नावाचं, चरबीच्याच पेशींतून निघणारं दुसरं एक संप्रेरक जादा तयार होईल अशी व्यवस्था केली. उंदीर आणखी जाड झाले. आणि त्यांची साखर मात्र सुधारली! जादा चरबी मुख्यतः कातडीखाली गेली, यकृत स्वच्छ राहिलं. हा निबंध २००७ साली छापून आला.

प्रयोगशाळेतल्या उंदरांवरून माणसाबद्दल बोलताना जपून बोलावं लागतं. पण निसर्गाने हाच प्रयोग प्रशांत महासागरात एका बेटसमूहावर करून ठेवला आहे. सामोआतले लोक जगातल्या सर्वांत स्थूल लोकांपैकी. २०१६ साली तिथल्या ३,०७२ प्रौढांची जनुकं तपासली तेव्हा सीआरईबीआरएफ नावाच्या जनुकात एक बदल सापडला. जवळजवळ निम्म्या सामोअन लोकांकडे त्याची किमान एक प्रत आहे. प्रशांत महासागरातल्या बेटांबाहेर तो जवळपास आढळतच नाही. त्याची एक प्रत असली की बीएमआय सरासरी सुमारे १.४ ने वाढतो. स्थूलतेशी जोडलेल्या, नेहमी आढळणाऱ्या जनुकांमध्ये एवढा जोरकस परिणाम दुसऱ्या कुणाचा नाही. म्हणजे हे खलनायक जनुक? तसं म्हणावं तर पुढचा आकडा आडवा येतो. ज्यांच्याकडे हा बदल आहे त्यांना मधुमेह होण्याची शक्यता इतर सामोअन लोकांपेक्षा कमी आहे. जाड करणारंच जनुक मधुमेहापासून राखतं. ताटलीत वाढवलेल्या चरबीच्या पेशींत हा बदल घातला, तर त्या पेशी जास्त मेद साठवतात आणि ऊर्जा कमी खर्च करतात.

इथे एका प्रसिद्ध कल्पनेची पंचाईत होते. १९६२ साली जेम्स नील या जनुकशास्त्रज्ञाने 'काटकसरी जनुकां'चा सिद्धांत मांडला होता. दुष्काळात तगून राहण्यासाठी पूर्वजांना ज्या जनुकांनी चरबी साठवायला मदत केली, तीच आजच्या सुबत्तेत मधुमेह देतात, असा त्याचा मथितार्थ. होडीतून महासागर पार करणाऱ्या पॉलिनेशियन पूर्वजांना ही कथा तर शिवून घेतल्यासारखी बसते. सामोआचं जनुक काटकसरी आहे खरं, पण मधुमेहाची अट ते पाळत नाही. अशी बेतशीर कथा एखाद्या तपशिलाने जिथे उसवते, तिथेच मला शास्त्र जास्त रंजक वाटू लागतं.

ही झाली टोकाची उदाहरणं. तुमच्याआमच्यात काय असतं? आपल्याकडे एकच मोठा बदल नसतो, शेकडो बारीक बदल असतात. २०१५ साली 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध शेजारी शेजारी आले. एका निबंधात सुमारे ३ लाख ४० हजार लोकांची जनुकं तपासून बीएमआयशी संबंध असलेली ९७ ठिकाणं शोधली होती. दुसऱ्यात सव्वादोन लाखांच्या आसपास लोक होते आणि प्रश्न वेगळा होता : कंबर आणि नितंब यांच्या घेराचं प्रमाण, म्हणजे चरबी पोटावर की मांड्यांवर. तिथे ४९ ठिकाणं मिळाली. आता ही ठिकाणं शरीरात कुठे काम करतात ते पाहिलं, तर दोन याद्या वेगवेगळ्या दिशांना जातात. वजन किती, हे ठरवणारी बरीच जनुकं मेंदूत जागी असतात : भूक, तृप्ती, खाण्याची ओढ. चरबी कुठे, हे ठरवणारी जनुकं खुद्द चरबीच्या पेशींत काम करतात. एक मेंदूचा विषय, दुसरा मेदाचा. शिवाय त्या ४९पैकी २० ठिकाणी स्त्री-पुरुषांत फरक होता आणि त्यांतल्या १९ ठिकाणी परिणाम स्त्रियांमध्ये जास्त होता.

चरबीच्या पेशींतल्या जनुकांत काही फार चक्रम मंडळी आहेत. आयआरएस१ या जनुकाजवळच्या एका बदलामुळे पुरुषांच्या अंगातली चरबी कमी होते. ऐकायला छान. पण कमी होते ती कातडीखालची, आणि अशा पुरुषांना मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका जास्त. २०१७ साली केंब्रिजच्या संशोधकांनी इन्सुलिनला दाद न देण्याशी जोडलेली ५३ ठिकाणं एकत्र करून पाहिली, तेव्हा हाच नमुना सर्वसामान्य लोकांत दिसला. धोकादायक प्रती जितक्या जास्त, तितकी हातापायांवरची चरबी कमी. डनिगन यांच्या रुग्णांत जे ढळढळीत दिसतं, ते फिकट स्वरूपात आपल्यापैकी अनेकांत आहे.

आणि केएलएफ१४ तर ऐकण्यासारखंच आहे. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. या जनुकाची वडिलांकडून आलेली प्रत मुकी असते, बोलते फक्त आईची. त्यामुळे त्याची धोक्याची आवृत्ती वडिलांकडून आली तर काही होत नाही. आईकडून आली तर होतं, आणि तेही मुख्यतः मुलींमध्ये : चरबी नितंबांकडून पोटाकडे सरकते, चरबीच्या पेशी आकाराने मोठ्या होतात आणि मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणजे आईकडून लेकीकडे येणारा हा वारसा आहे, दागिन्यांच्या डब्याबरोबर न मागता मिळालेला.

पेशी मोठ्या झाल्या तर बिघडतं काय? चरबीची पेशी काही पटींनी फुगू शकते, पण फुगण्याला मर्यादा आहे. ताणलेली पेशी स्निग्धाम्लं धरून ठेवू शकत नाही, ती गळू लागतात, आणि गळलेली चरबी रक्तातून यकृताकडे जाते. नव्या छोट्या पेशी तयार झाल्या असत्या तर भार वाटून घेता आला असता. मग प्रौढ माणसात चरबीच्या नव्या पेशी किती तयार होतात? जिवंत माणसाच्या पेशींना जन्मतारीख कशी विचारणार? स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या कर्स्टी स्पाल्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी अणुबॉम्बची मदत घेतली. १९५५ ते १९६३ या काळात महासत्तांनी वातावरणात अणुस्फोटांच्या चाचण्या केल्या. त्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला. १९६३ साली अशा चाचण्यांवर बंदी आली आणि तेव्हापासून तो दरवर्षी घटत गेला. वनस्पतींनी तो घेतला, आपण त्या खाल्ल्या, आणि पेशी जन्माला येताना तिच्या डीएनएत त्या वर्षीच्या कार्बनचं प्रमाण कोरलं गेलं. शीतयुद्धाने पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाच्या पेशींवर नकळत तारखेचा शिक्का मारून ठेवला होता.

२००८ साली आलेलं उत्तर असं : दरवर्षी चरबीच्या सुमारे १० टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात. एकूण संख्या बालपणी आणि किशोरवयात ठरते, आणि मग जवळपास तितकीच राहते. पोटाची शस्त्रक्रिया करून कितीतरी किलो वजन उतरवलेल्या लोकांतही दोन वर्षांनी पेशींची संख्या तेवढीच होती. पेशी फक्त बारीक झाल्या होत्या. कणगीचा आकार विशीच्या आत ठरून गेलेला असतो.

म्हणून मग आणखी मागे जायला हवं, बालपणाच्याही मागे. ते काम पुण्याजवळच्या सहा खेड्यांत झालं. १९९३ साली याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांबरोबर, तिथल्या बायकांची पाहणी सुरू केली, गरोदर राहण्याच्याही आधीपासून. काटक, शेतात राबणाऱ्या बायका, वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास. बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोंची. साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोंची. आता इतकं लहान बाळ म्हटलं की सगळंच लहान असणार. दंडाचा घेर लहान होता, पोटाचा घेर लहान होता, स्नायू कमी होते. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली कातडीची चिमटी कॅलिपरमध्ये धरली, तर तिथली जाडी त्या मानाने फारच कमी घटलेली. हाडामांसाने किरकोळ, चरबी मात्र राखून. आपण ज्याला बाळसं धरणं म्हणतो त्याच्या कितीतरी आधी, जन्माच्या दिवशीच. २००३ साली या बाळांना नाव मिळालं : 'थिन-फॅट', दिसायला बारीक पण आतून जाड.

इथे जनुकांची गोष्ट एकदम गुंतते. जन्मतःच असलेली गोष्ट जनुकांतूनच आली असं म्हणता येत नाही, कारण नऊ महिने मध्ये गेलेले असतात. या आयांपैकी बहुतेकींच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. पुढे मुलं सहा वर्षांची झाल्यावर दिसलं, की गरोदरपणी ज्यांच्यात फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं त्यांची मुलं अधिक चरबीची आणि इन्सुलिनला कमी दाद देणारी होती, आणि फोलेट जास्त पण बी-१२ कमी असेल तिथे हे सर्वांत ठळक. म्हणजे गर्भाशयातलं पोषण जनुकांइतक्याच हक्काने बोलत होतं.

पण जनुकंही गर्भाशयात गप्प नसतात. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या अँड्र्यू हॅटर्सली यांनी १९९८ साली दाखवलं, की ग्लुकोकायनेज जनुकात बिघाड असलेलं बाळ सरासरी अर्धा किलो हलकं जन्मतं. कारण गर्भाची वाढ होते ती त्याच्या स्वतःच्या इन्सुलिनवर. इन्सुलिन कमी, तर वाढ कमी. पुढे मधुमेह देणारं जनुक आधी बाळ लहान करतं. आणि गंमत पाहा, तोच बिघाड आईत असेल आणि बाळात नसेल, तर आईची साखर जास्त असल्यामुळे बाळ सरासरीपेक्षा जड होतं. एकच जनुक कुणाच्या अंगात आहे यावरून वजन खाली की वर ते ठरतं! लहान बाळ आणि मोठेपणीचा मधुमेह यांची सांगड कुपोषणामुळे की जनुकांमुळे, हा वाद अनेक वर्षं चालला. माझं मत विचाराल तर प्रश्नातला 'की' काढून टाकावा. आई स्वतः कधीतरी अशीच लहान बाळ होती, आणि तिने मुलीला जनुकंही दिली, गर्भाशयही दिलं.

त्या खेड्यांतली मुलं अठरा वर्षांची झाली, तेव्हा त्यांची ग्लुकोज पाजून तपासणी केली. निम्म्याच्या आसपास मुलं-मुली कमी वजनाची होती, बीएमआय साडेअठराच्याही खाली. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या शरीराला साखर नीट हाताळता येत नव्हती. जाडेपणा नाही, शहरी बैठं काम नाही, चाळिशी तर दूरच.

म्हणूनच भारतीयांसाठी मोजपट्टी वेगळी धरतात. बीएमआय २३ झाला की वजन जास्त, २५ला लठ्ठपणा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर ओलांडली की सावध. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के निघालं. सर्वांत वर गोवा होता, २६.४ टक्के. एवढा फरक एकट्या जनुकांचा नसावा. जनुकं कणगीचा आकार ठरवतात, तीत किती ओतायचं ते ठरवत नाहीत.

न्यूकॅसलचे रॉय टेलर यांनी यालाच 'स्वतःची चरबीमर्यादा' असं म्हटलं. प्रत्येकाची मर्यादा वेगळी. कुणी ११० किलोलाही तिच्या आत असतो, कुणी ६२ किलोला ती ओलांडतो. हे खरं असेल तर एक विचित्र निष्कर्ष निघतो : ज्यांचं वजन पुस्तकी हिशेबाने ठीक आहे, अशा मधुमेही माणसांनाही वजन उतरवून फायदा व्हायला हवा. टेलर यांनी ते करून पाहिलं. बीएमआय २७च्या खाली असलेले वीस मधुमेही घेतले, सरासरी बीएमआय २५च्याही आत. नातेवाइकांनी 'आता अजून किती वाळणार?' म्हणावं अशी माणसं. त्यांना टप्प्याटप्प्याने, दर खेपेला थोडं थोडं, वजन उतरवायला लावलं. वीसपैकी चौदा जणांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली. स्कॅनमध्ये त्यांच्या यकृतातली चरबी निरोगी माणसांइतकी उतरली होती, आणि स्वादुपिंडातलीही कमी झाली होती.